मोडून पुन्हा घडवलेला फोटो

मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी ‘एपी’ नावाच्या परीक्षा कोविडमुळे घरी बसून दिल्या. उत्तर कागदावर लिहायचं, मोबाइलने त्याचा फोटो काढायचा आणि वेळ संपायच्या आत परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या पोर्टलवर चढवायचा, अशी सोय ठेवली होती. पोर्टलला जेपीजी किंवा पीएनजी फाइल चालायची. आयफोन मात्र २०१७ पासून आपले फोटो एचईआयसी या नव्या फॉरमॅटमध्ये साठवू लागला होता, आणि ते अनेक मुलांच्या गावीही नव्हतं. पेपर लिहून झालेला, फोटो स्वच्छ आलेला आणि फाइल काही केल्या चढेना. पहिल्या आठवड्यात असं झालेल्या मुलांना जूनमध्ये तोच पेपर पुन्हा द्यावा लागला. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये, कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्सखाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय आधीच निवडला असता तर फोन जेपीजीच काढत राहिला असता. एवढीशी गोष्ट, पण ती परीक्षेच्या आदल्या दिवशी कळायला हवी.

आपल्याकडे फॉर्म भरणाऱ्यांना या अटी पाठ झालेल्या असतात. बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या मुंबईच्या आयबीपीएसला फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा लागतो, सही १४० बाय ६० पिक्सेलची आणि १० ते २० केबीची. ‘जेपीजी करून द्या’, ‘केबी कमी करून द्या’ ही वाक्यं तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात ऐकायला मिळतात. दुकान बंद असेल तर माणूस गूगलवर शोधतो आणि पहिली दिसेल त्या मोफत वेबसाइटवर फोटो, सही, कधी आधार कार्डसुद्धा टाकून मोकळा होतो. त्या अर्ध्या मिनिटात फोटोचं नेमकं काय होतं आणि तो कुठे जाऊन येतो, हे फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. फाइलच्या नावातलं शेवटचं ‘एचईआयसी’ खोडून तिथे ‘जेपीजी’ लिहिलं म्हणजे फाइल बदलत नाही, फक्त नाव बदलतं. आत काय आहे ते फाइलचे सुरुवातीचे बाइट सांगतात. खऱ्या जेपीजीचे पहिले दोन बाइट २५५ आणि २१६ असतात. पीएनजीचा पहिला बाइट १३७ असतो आणि लगेच पुढे पी, एन, जी ही तीन अक्षरं येतात. जीआयएफची सुरुवात तर सरळ स्वतःच्या नावाने आणि आवृत्तीच्या आकड्याने होते. नीट लिहिलेलं पोर्टल नावावर विसंबत नाही, हे बाइट वाचतं. म्हणून नाव बदललेली फाइल एका ठिकाणी चालते आणि दुसरीकडे ‘इनव्हॅलिड फाइल’ म्हणून परत येते.

खरं रूपांतर दोन टप्प्यांत होतं. समजा, मोबाइलने १२ मेगापिक्सेलचा फोटो काढला. त्याची लांबी-रुंदी ४०३२ बाय ३०२४, म्हणजे सुमारे एक कोटी बावीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक बाइट दिला तर तीन कोटी पासष्ट लाखांहून अधिक बाइट होतात, म्हणजे साधारण साडेछत्तीस एमबी. प्रत्यक्षात फाइल दोन-चार एमबीचीच असते, कारण ती दाबून भरलेली असते. रूपांतर करणारा प्रोग्राम पहिल्या टप्प्यात ही दाबलेली फाइल पूर्ण उलगडतो आणि ते सगळे ठिपके संगणकाच्या स्मृतीत मांडतो. या क्षणी फोटोला कुठलाच फॉरमॅट नसतो. दुसऱ्या टप्प्यात हेच ठिपके नव्या फॉरमॅटच्या नियमांनी पुन्हा दाबून भरले जातात. जुना दागिना मोडून नवा घडवताना सोनार घट धरतो, तशी घट इथेही येऊ शकते. ती येते की नाही आणि किती, हे नवा फॉरमॅट कोणता आणि तो कसा भरला यावर ठरतं.

पीएनजीत घट नाही. झिप फाइल ज्या पद्धतीने दाबतात, जवळपास त्याच पद्धतीने ती ठिपके दाबते आणि उलगडल्यावर एकूण एक ठिपका जसाच्या तसा परत देते. जेपीजीत मात्र घट ठरवूनच येते, आणि ती इतक्या हुशारीने आणलेली आहे की तिच्यापाशी थोडं थांबायलाच हवं.

या हुशारीचं मूळ एका बंगळूरच्या माणसाकडे जातं. नासिर अहमद यांनी बंगळूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली, पुढे अमेरिकेत शिकून ते कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. चित्रातली माहिती कोसाइन लहरींच्या रूपात मांडली तर ती फार थोड्या आकड्यांत गोळा होईल, अशी त्यांची कल्पना होती. १९७२ मध्ये त्यांनी तिच्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. ते नाकारलं गेलं. कल्पना फारच साधी वाटली, हे त्यामागचं एक कारण. अहमद यांनी पुढच्या उन्हाळ्यात पगाराविना काम चालू ठेवलं आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुपने याच लहरींवर आपलं मानक उभं केलं आणि ते १९९२ मध्ये मंजूर झालं. त्या गटाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजे जेपीईजी, म्हणजेच आपली जेपीजी. घरातल्या अल्बममधल्या जवळजवळ प्रत्येक डिजिटल फोटोत या तीन भारतीय नावांचं काम आहे आणि शाळेच्या पुस्तकात त्यांना जागा नाही, याची मला खंत वाटते.

आता ते काम प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहू. जेपीजी आधी प्रत्येक ठिपक्याचा उजेड आणि रंग वेगळे करतं. माणसाचा डोळा उजेडातला फरक बारीक टिपतो, रंगातला तेवढा टिपत नाही. म्हणून उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात आणि रंगाची बहुतेक वेळा आडवी-उभी निम्मी करतात, म्हणजे चार ठिपक्यांना मिळून एक रंग. एवढ्यानेच निम्मी माहिती वाचते. मग सगळं चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत कापलं जातं. प्रत्येक चौकोनातल्या ६४ आकड्यांच्या जागी ६४ लहरींची मापं येतात. एक माप चौकोनाच्या सरासरी उजेडाचं, उरलेली संथ बदलापासून ते अगदी झटपट बदलापर्यंतची.

इथपर्यंत फारसं काही हरवलेलं नसतं. खरी घट पुढच्या पायरीवर येते. प्रत्येक माप एका ठरलेल्या आकड्याने भागतात आणि उत्तर जवळच्या पूर्णांकाला नेऊन ठेवतात. मानकात नमुन्यादाखल दिलेल्या कोष्टकात सरासरी उजेडाचा भाजक १६ आहे, सर्वांत बारीक लहरीचा ९९. बारीक लहरीचं माप ४० असलं तर भागाकार ०.४ येतो आणि त्याचं शून्य होतं. ती लहर गेली. उलगडताना शून्याला ९९ ने गुणलं तरी शून्यच येणार. क्वालिटीचा आकडा आपण ९० वरून ६० वर आणतो तेव्हा हे भाजक मोठे होतात आणि शून्यं वाढतात. शून्यांच्या लांब रांगा फार थोड्या जागेत लिहिता येतात, म्हणून केबी कमी होतात. ‘८०’ म्हणजे नेमकं किती हे मात्र प्रत्येक प्रोग्राम आपापल्या परीने ठरवतो. एका वेबसाइटचं ८० आणि दुसरीचं ८० सारखं निघेलच असं नाही.

आकाश, गाल, भिंत असे हळूहळू बदलणारे भाग या पद्धतीला फार मानवतात. तिला जड जाते ती पांढऱ्यावर काळी धारदार रेघ, कारण तशी कड उभी करायला सगळ्या बारीक लहरी लागतात. देवनागरी मजकुराचा स्क्रीनशॉट कमी क्वालिटीच्या जेपीजीत भरून बघा. शिरोरेषेच्या वर-खाली करड्या ठिपक्यांची धूळ बसलेली दिसेल. क्वालिटी आणखी उतरवली तर लहान अक्षरावरचा अनुस्वार त्या धुळीत मिसळतो आणि ‘घर’ की ‘घरं’ हे ओळखू येईनासं होतं. मजकूर, तक्ता, नकाशा, बोधचिन्ह असलं काही असेल तर पीएनजी ठेवावी. माणसांचे आणि निसर्गाचे फोटो जेपीजीत ठेवावेत. सही या दोन्हींच्या मध्ये अडकते. ती रेघांची असते, पण फॉर्मला जेपीजीच हवी असते. म्हणून जाड, गडद शाईच्या पेनने पांढऱ्या कागदावर मोठी सही करावी. दाबली गेल्यावरही तिच्या कडा तग धरतात.

पीएनजीची जेपीजी करताना आणखी एक गोष्ट घडते. पीएनजीला पारदर्शक भाग असू शकतो, जेपीजीला नाही. संस्थेच्या चिन्हामागचा पारदर्शक भाग रूपांतरानंतर कधी पांढरा, कधी ठार काळा होऊन येतो. रिकाम्या जागी कोणता रंग भरायचा हे तो प्रोग्राम ठरवतो. उलट दिशेने, जेपीजीची पीएनजी केली तर गेलेल्या लहरी परत येत नाहीत. धूळसुद्धा जशीच्या तशी, इमानेइतबारे जपली जाते आणि फाइल कित्येक पटींनी फुगते. ‘क्वालिटी वाढवण्यासाठी पीएनजी करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात तथ्य नाही.

‘केबी कमी’चं कोडंही आता सुटतं. २०० बाय २३० म्हणजे फक्त ४६ हजार ठिपके. एवढासा फोटो बेताच्या क्वालिटीला भरला तर तो २० केबीच्याही खाली जातो आणि फॉर्म ‘फाइल लहान आहे’ म्हणून नाकारतो. मग लोक आणखी छोटा करतात, आणखी अडकतात. पिक्सेल आणि केबी या दोन वेगळ्या कळा आहेत. आधी मूळ मोठ्या फोटोवरून पिक्सेल नेमके करावेत, मग क्वालिटी वर-खाली करून केबी जुळवावेत. आणि दर वेळी मूळ फाइलवरूनच सुरुवात करावी, कारण आधीच दाबलेली जेपीजी पुन्हा दाबली की घटेवर घट चढते.

दाबताना चूक कुठवर जाऊ शकते याचं एक उदाहरण जगभर गाजलं. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं कागद स्कॅन करताना आकडेच बदलतात. एका घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं २१.११, १७.४२ आणि १४.१३ चौरस मीटर होती; स्कॅनमध्ये तिन्ही खोल्यांवर १४.१३ छापून आलं. ती यंत्रं जेबीआयजी-२ नावाची पद्धत वापरत होती. ती पानावरच्या सारख्या दिसणाऱ्या आकृत्या शोधते, त्यांतली एकच साठवते आणि बाकीच्या ठिकाणी तीच डकवते. बारीक टायपातला ६ तिला ८ सारखा वाटला की पानावर स्वच्छ, ठसठशीत, पण चुकीचा ८ उमटतो. जेपीजीची धूळ निदान डोळ्यांना दिसते. सातबारा, दवाखान्याचे रिपोर्ट, बँकेची कागदपत्रं स्कॅन करून फाइल लहान केली की आकडे मूळ कागदाशी ताडून बघावेत, ते या कारणासाठी.

मग इतके फॉरमॅट आलेच का? बऱ्याच अंशी पेटंटमुळे. जीआयएफ हा १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने बनवला. त्यात २५६ रंगच मावतात, त्यामुळे फोटो त्यात भरला तर आकाशात पट्टे पडतात. पण दाबण्याची जी पद्धत त्याने वापरली तिचं पेटंट युनिसिस कंपनीकडे होतं. १९९४ च्या अखेरीस जीआयएफ वापरणाऱ्या सॉफ्टवेअरकडून पैसे घेतले जातील असं जाहीर झालं, आणि त्या संतापातून १९९५ च्या सुरुवातीला इंटरनेटवरच्या प्रोग्रामरांनी पेटंटमुक्त पीएनजी रचायला घेतली. ऑक्टोबर १९९६ मध्ये ती वेबची अधिकृत शिफारस बनली. एचईआयसीची गोष्टही याच वळणाची आहे. ती जेपीजीपेक्षा साधारण निम्म्या जागेत तेवढाच चांगला फोटो ठेवते, पण तिच्या आत व्हिडिओसाठी बनलेलं एचईव्हीसी तंत्र आहे आणि त्यावर अनेक कंपन्यांची पेटंटं आहेत. त्यामुळे कित्येक विंडोज संगणकांवर ती उघडायला वेगळं एक्स्टेंशन घ्यावं लागतं. गूगलने २०१० मध्ये वेबपी आणलं. अनेक कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या अलायन्स फॉर ओपन मीडियाने २०१९ मध्ये एव्हीआयएफ आणलं, दोन्ही परवाना शुल्काशिवाय वापरता यावीत म्हणून. वेबसाइटवरून उतरवलेलं चित्र अचानक ‘वेबपी’ निघतं आणि जुन्या प्रोग्राममध्ये उघडत नाही, त्याचं मूळ या ओढाताणीत आहे.

आता ऑनलाइन रूपांतराकडे वळू. बहुतेक वेबसाइटवर आपण फाइल टाकतो तेव्हा ती इंटरनेटवरून दुसऱ्याच्या संगणकावर जाते. मोडणं-घडवणं तिथे होतं. अनेक ठिकाणी पडद्यामागे इमेजमॅजिकसारखा मोफत प्रोग्राम काम करतो. जॉन क्रिस्टी यांनी तो १९८७ मध्ये ड्यूपाँट कंपनीत असताना लिहायला घेतला होता. मग नवी फाइल उतरवायला लिंक मिळते. ‘तुमची फाइल एका तासात आपोआप काढून टाकली जाईल’ असं लिहिलेलं असतं. प्रामाणिक वेबसाइट तसं करतही असतील, पण आपल्याला ते पडताळून बघायचा कोणताही मार्ग नाही. फुलांच्या फोटोला याने काही फरक पडत नाही. सही, आधार, पॅन, गुणपत्रिका, पासबुक यांना पडतो. फोटो आणि सही एकाच जागी मिळाली तर कुणाच्याही नावाने अर्ज तयार करता येतो, ही भीती अवास्तव नाही.

काही वेबसाइट तर रूपांतरासाठी उघडलेल्याच नसतात. मार्च २०२५ मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मोफत ऑनलाइन कन्व्हर्टरबद्दल सावध केलं होतं. यांतल्या काही वेबसाइट काम करून देतात आणि दिलेल्या फाइलमधून संगणकात घातक सॉफ्टवेअर घुसवतात, शिवाय चढवलेल्या फाइलमधली खासगी माहिती चाळतात, असा तो इशारा होता. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. जेपीजी मागितली तर जेपीजीच मिळाली पाहिजे. तिच्याऐवजी ईएक्सई, एपीके किंवा पासवर्ड लावलेली झिप हातात आली, किंवा आधी एखादं एक्स्टेंशन बसवायला सांगितलं, तर तिथून निघावं.

दुसऱ्या प्रकारच्या वेबसाइटवर फाइल आपल्या यंत्राबाहेर जातच नाही. ब्राउझरमध्ये वेबअसेम्ब्ली नावाची सोय आली तेव्हापासून फोटो मोडण्या-घडवण्याचे जड प्रोग्राम पानाबरोबर उतरून आपल्याच मोबाइलवर चालू शकतात. गूगलच्या क्रोम चमूने २०१८ मध्ये आणलेलं स्क्वूश हे त्याचं ठळक उदाहरण. मूळ आणि दाबलेलं चित्र शेजारी-शेजारी दाखवून ते घटही डोळ्यांसमोर ठेवतं. एखादी वेबसाइट कोणत्या प्रकारची आहे हे ओळखायला सोपी चाचणी आहे. पान पूर्ण उघडू द्यावं, मग मोबाइलचा डेटा आणि वाय-फाय बंद करावं आणि आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या फोटोचं रूपांतर करून बघावं. झालं, तर काम आपल्याच यंत्रात चाललं आहे. अडकलं, तर फाइल बाहेर जाते असं समजावं आणि आधार कार्ड तिथे टाकू नये. मॅकवर प्रिव्ह्यूमधल्या ‘एक्स्पोर्ट’ने आणि विंडोजवर पेंटमधल्या ‘सेव्ह अॅज’ने तर इंटरनेटशिवायच काम भागतं.

फोटोबरोबर त्याची चिठ्ठीही प्रवास करते. तिला एक्झिफ म्हणतात. कॅमेऱ्याचं नाव, तारीख-वेळ आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश, सगळं तिच्यात असतं. डिसेंबर २०१२ मध्ये अँटिव्हायरसवाले जॉन मॅकअफी बेलीझच्या पोलिसांना चुकवत फिरत होते. त्यांच्याबरोबरच्या पत्रकारांनी एक फोटो व्हाइस मासिकाच्या वेबसाइटवर टाकला आणि त्यातल्या अक्षांश-रेखांशांवरून ते ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं. काही कन्व्हर्टर ही चिठ्ठी काढून टाकतात, काही तशीच ठेवतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर लोकेशन पुसलं जातं आणि फोटो लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दोन्ही तसंच राहतं. चिठ्ठी काढण्याचे तोटेही आहेत. मोबाइल उभा धरून काढलेल्या फोटोत ठिपके बऱ्याचदा आडवेच साठवलेले असतात आणि ‘हा उभा दाखवा’ एवढी नोंद चिठ्ठीत असते. ती नोंद हरवली की रूपांतरानंतर माणूस आडवा झालेला दिसतो. रंगांची माहिती सांगणारा प्रोफाइल गळून पडला की आयफोनचे गडद रंग फिकट पडतात.

घट अजिबात न येता जेपीजीवर काम करायचे मार्गही आहेत. जेपीजी नुसती नव्वद अंशांत फिरवायची असेल तर ती उलगडावीच लागत नाही. आठ बाय आठचे चौकोन आणि त्यांतल्या लहरींची मापं तशीच ठेवून फक्त जागा आणि दिशा बदलता येते. जेपीईजीट्रॅन नावाचा जुना प्रोग्राम हे करतो. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेलं जेपीईजी एक्सएल याच्या पुढे जातं. ते जुन्या जेपीजीतली मापं उचलून अधिक चांगल्या पद्धतीने बांधतं, फाइल सुमारे एक पंचमांशाने लहान करतं, आणि हवी तेव्हा तीच जुनी जेपीजी शेवटच्या बाइटापर्यंत जशीच्या तशी परत देतं. कोट्यवधी फोटो सांभाळणाऱ्या संग्रहालयांना आणि वृत्तपत्रांच्या कात्रणविभागांना याहून उपयोगी गोष्ट क्वचितच मिळेल. गूगलने २०२२ च्या अखेरीस क्रोममधला त्याचा प्रायोगिक आधार काढून घेत असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी अॅपलने सफारीत तो दिला.